अंटार्क्टिक बाष्पाचा डी-एक्सेस हिवाळ्यात ४५: खरा आकडा की उपकरणाची चूक?

ध्रुवबाष्प

नमस्कार मंडळी. पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर हवेतल्या बाष्पाचे आयसोटोप, म्हणजे पाण्यातला जड ऑक्सिजन (ओ-१८) आणि जड हायड्रोजन (ड्युटेरियम) यांचं प्रमाण, लेसर ॲनलायझरने वर्षभर मोजले आहेत. डेल्टा म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या मापापासून त्या प्रमाणाचा हजारातला फरक (‰, पर मिल), आणि डी-एक्सेस म्हणजे ड्युटेरियमचा डेल्टा (डेल्टा-डी) वजा आठपट डेल्टा-ओ-१८. उपकरण कॅव्हिटी रिंग-डाउन जातीचं आहे, म्हणजे आरशांच्या पोकळीत लेसरचा प्रकाश किती वेगाने विझतो त्यावरून मोजणारं. त्यातल्या एका गोष्टीचा उलगडा होत नाही.

मांडणी अशी: इनलेट जमिनीपासून ६ मीटरवर. तिथून खोलीपर्यंत १४ मीटर पीटीएफई (टेफ्लॉन) नळी, बाहेरचा व्यास ३/८ इंच, हीटिंग टेप लावून ५०° से. ठेवलेली. पंप मिनिटाला ८ लिटर हवा ओढतो, त्यातली साधारण ४० मिली ॲनलायझर घेतो. दर १२ तासांनी दोन स्टँडर्ड (आयसोटोपचा आकडा आधीच माहीत असलेली पाणी) चालतात, एकाचा डेल्टा-ओ-१८ −१०‰, दुसऱ्याचा −४०‰. दोन्ही ५००० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत ५००० भाग बाष्प), प्रत्येकी २० मिनिटं. स्टँडर्डसाठी लागणारी कोरडी हवा खोलीतलीच, शोषकाच्या नळकांड्यातून सोडलेली.

डिसेंबर-जानेवारीत हवा −३° च्या आसपास, बाष्प ३५०० पीपीएम, डी-एक्सेस १५ ते २०. जुलैत −२५° ते −२८°, बाष्प ४०० ते ६०० पीपीएम, आणि डी-एक्सेस ४० ते ४८. इतका चढ हवेत खरोखर असतो का? शिवाय हिवाळ्यात अधूनमधून तास-दोन तास हाच आकडा एकदम −१० पर्यंत कोसळतो आणि परत वर येतो. हा डेटा आता, मागाहून, दुरुस्त करता येईल का? उपकरण अजून तिथेच चालू आहे.

---

रॅलेरेषा

सगळा चढ उपकरणाच्या माथी मारू नका. आधी नुसत्या समतोलाचं गणित करून बघा.

−१०° ला पडलेला बर्फ घ्या: ओ-१८ −१५, डेल्टा-डी −११०, म्हणजे डी-एक्सेस १०. बर्फ आणि बाष्प यांच्यातला फ्रॅक्शनेशन गुणांक (जड आयसोटोपचं प्रमाण बर्फात बाष्पाच्या किती पट ते) या तापमानाला ओ-१८ साठी १.०१६९ आणि ड्युटेरियमसाठी १.१५११. भागाकार केला की समतोलातलं बाष्प येतं ओ-१८ −३१.४, डेल्टा-डी −२२६.८. डी-एक्सेस २४.

आता −२५° ला ओ-१८ −२५, डेल्टा-डी −१९० असलेला बर्फ घ्या. याचाही डी-एक्सेस १० च. गुणांक १.०१९७ आणि १.१८५३. बाष्प येतं −४३.८ आणि −३१६.६, डी-एक्सेस ३४.

बर्फाचा डी-एक्सेस तोच, पण बाष्पाचा २४ वरून ३४ वर गेला. यात उपकरण कुठेच आलेलं नाही. डॅनिश शास्त्रज्ञ डान्सगार्ड यांनी १९६४ साली डी-एक्सेसची व्याख्या केली ती ८ हा उतार धरून, आणि तो उतार मध्यम तापमानांना जुळतो. थंडी वाढते तसं दोन गुणांकांचं आपसातलं नातं ८ पासून सरकतं. त्यात डेल्टा हे मोजमाप सरळ रेषेचं नाही. फार खालच्या आकड्यांवर ८ ने गुणून वजाबाकी केली की हवामानाशी संबंध नसलेला फरकही डी-एक्सेसमध्ये जमा होतो.

म्हणून नैसर्गिक लॉगवर बसवलेली व्याख्याही शेजारी मांडा. डेल्टा हजाराने भागून १ मध्ये मिळवा, लॉग घ्या, पुन्हा हजाराने गुणा. ओ-१८ च्या अशा आकड्याला क्ष म्हणा. मग लॉग-एक्सेस = ड्युटेरियमचा लॉग − (८.४७ × क्ष − ०.०२८५ × क्षचा वर्ग). याने किती फरक पडतो ते दोन बर्फांवर दिसतं. (−३०, −२३५) चा डी-एक्सेस ५ आणि (−५०, −३९०) चा १०, म्हणजे ५ ने चढ. लॉग-एक्सेस मात्र १६.६ वरून १५.१ वर उतरतो. चढ-उताराची दिशाच उलटली. बर्फाच्या मालिकेत कारण शोधण्याआधी हे करायलाच हवं. बाष्पात तेवढ्याने काम भागत नाही, कारण समतोलाचा फरक लॉगमध्येही उरतो.

तुमचा चढ १७ वरून ४५, म्हणजे २८ चा. त्यातले १० च्या आसपास समतोलाने सहज येतात. कोरड्या थंड हवेखाली समुद्रावरून झपाट्याने बाष्पीभवन झालं तर डी-एक्सेस आणखी वाढतो, आणि हिमकण अतिसंपृक्त (धरता येईल त्याहून जास्त बाष्प असलेल्या) हवेत वाढले तर कायनेटिक परिणामाने (जड रेणू हळू सरकतात म्हणून) मागे उरलेल्या बाष्पाचा आकडा हलतो. तरी १५-२० चा हिशोब लागत नाही. तो मी कॅलिब्रेशनमध्ये (स्टँडर्डवरून केलेल्या जुळवणीत) शोधेन.

---

कोरडीहवा

शोधायला लांब जायला नको. ५००० पीपीएमवर कॅलिब्रेशन करून ते ४५० पीपीएमच्या हवेला लावलंय. पूर्ण मांडणीत मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच.

या ॲनलायझरना आर्द्रतेची सवय असते. पाणी तेच ठेवून पीपीएम कमी करत गेलं तरी वाचलेला डेल्टा सरकतो. २००० च्या खाली हे जाणवतं, ५०० च्या खाली वक्र उभाच चढतो किंवा उतरतो. ओ-१८ आणि ड्युटेरियम एकाच मापाने सरकत नाहीत आणि डी-एक्सेस बिघडतो तो त्यामुळे. समजा ४०० पीपीएमला ओ-१८ मध्ये −२ आणि डेल्टा-डी मध्ये +५ ची चूक आहे. डी-एक्सेस २१ ने वर. तुमचा न लागलेला हिशोब एवढाच आहे. वक्राची दिशा आणि उभारी प्रत्येक उपकरणाची निराळी असते, एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन नगांचीही जुळत नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या पेपरातला वक्र उचलून लावू नका.

वक्र असा काढा. एक स्टँडर्ड घ्या आणि त्याची आर्द्रता पायऱ्यांनी बदला: ६०००, ४०००, २५००, १५००, १०००, ७००, ५००, ४००, ३००, २००, १५०. वर पायऱ्या विरळ चालतील, खाली दाट हव्यात. १००० च्या वर प्रत्येक पायरी २० मिनिटं, त्यातली शेवटची १० सरासरीला. ५०० च्या खाली तास-तासभर द्या, कारण तिथे नॉइज वाढतो आणि नळीच्या भिंतीला चिकटलेलं पाणी सुटायला वेळ लागतो. उतरत्या क्रमाने झालं की चढत्या क्रमाने पुन्हा. दोन वक्र एकमेकांवर बसले नाहीत तर ती मेमरी (आधीच्या पाण्याचा उरलेला अंश) आहे, पायरीचा वेळ वाढवा.

मग हेच सगळं दुसऱ्या स्टँडर्डने करा. वक्र पाण्याच्या घडणीप्रमाणेही बदलतो. −१० च्या पाण्याने काढलेला वक्र −४४ च्या बाष्पाला लावला तर चूक उरते, आणि ती नेमकी हिवाळ्यातच मोठी असते.

दुरुस्तीचा क्रम पाळा: आधी आर्द्रतेची दुरुस्ती, २५०० किंवा तत्सम एका ठरावीक पीपीएमवर आणून. नंतर दोन स्टँडर्डांमधून व्हीस्मॉ–स्लॅप या आंतरराष्ट्रीय मापावर (व्हीस्मॉ हे समुद्राच्या पाण्याचं टोक, स्लॅप अंटार्क्टिक बर्फाच्या पाण्याचं) बसवणं. उलट केलंत तर आर्द्रतेची चूक उतारात मिसळते आणि पुढे वेगळी करता येत नाही.

तुमच्या स्टँडर्डांविषयी आणखी एक. −१० आणि −४०, पण हिवाळ्यातलं बाष्प −४४ च्या खालीच जाणार. म्हणजे तुम्ही दोन बिंदूंच्या बाहेर रेषा ओढताय. पठारावरच्या अंतर्भागातला बर्फ वितळवून −५०‰ च्या खालचं पाणी तिसरं स्टँडर्ड म्हणून ठेवा. स्लॅप स्वतः ओ-१८ मध्ये −५५.५‰ वर आहे, तिथपर्यंत तुम्ही मापावर पक्के असता.

आता कोरडी हवा. शोषकाचं नळकांडं हवा पूर्ण कोरडी करत नाही. ५००० पीपीएमला मागे उरलेले ३० पीपीएम काहीच नाहीत. ५०० ला ते ६ टक्के होतात. उरलेलं पाणी −२० चं आणि स्टँडर्ड −४० चं असेल तर ओ-१८ मध्ये सरळ १.२‰ ची चूक. दोन्ही पाणी पावसाच्या नेहमीच्या रेषेवरची (जिथे ड्युटेरियम ओ-१८ च्या आठपट बदलतो) असतील तर ही चूक डी-एक्सेसमध्ये दिसतच नाही, कारण दोन्हींचा डी-एक्सेस जवळपास सारखा असतो. डी-एक्सेस ठीक दिसतो म्हणून कोरडी हवाही ठीक आहे असं धरू नका. पाणी अजिबात न सोडता नुसती कोरडी हवा ॲनलायझरला द्या आणि अर्धा तास थांबून आकडा बघा. १०-१५ पीपीएमच्या वर राहिला तर ती हवा या कामाची नाही.

मागाहून दुरुस्ती होईल का, तर होईल, पण आज उपकरणात काही बदलू नका. लेसर, कॅव्हिटी, फर्मवेअर बदललेलं नसेल तर हा वक्र सहसा महिनोन्‌महिने टिकतो. आत्ता काढा, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा काढा. दोन्हींतला फरक हीच तुमच्या दुरुस्तीची अनिश्चितता.

---

ध्रुवबाष्प

मनापासून आभार दोघांचे. नुसत्या कोरड्या हवेची चाचणी लगेच घेतली, अर्ध्या तासानंतरही आकडा ३८ पीपीएमवर आहे. स्थानकावर नायट्रोजनचे सिलिंडर आहेत, तो वापरला तर चालेल का? आणि ४०० पीपीएमला स्टँडर्ड सोडून बघितलं तर आर्द्रता स्थिर राहत नाही, दर काही सेकंदांनी वरखाली होते.

---

नळीजोड

नायट्रोजन नको. शोषणरेषेची रुंदी भोवतालच्या वायूवर ठरते, आणि नायट्रोजनमध्ये ती हवेपेक्षा वेगळी पडते. आर्द्रता आणि डेल्टा दोन्ही सरकतात. स्टँडर्ड नायट्रोजनमध्ये आणि नमुना हवेत असं मोजलंत तर एक नवीन चूक घरात घ्याल. कृत्रिम हवेचा सिलिंडर मागवा: ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या जवळ, पाणी ५ पीपीएमच्या खाली. ५० लिटरचा, १५० बारचा सिलिंडर म्हणजे ७५०० लिटर. मिनिटाला ३०० मिली वापर धरला तर ४१७ तास पुरतो. कॅलिब्रेशन रोज तासभर असेल तर वर्ष निघतं.

वरखाली होण्याचं कारण पाण्याचं प्रमाण. ३०० मिली हवेत ४०० पीपीएम म्हणजे मिनिटाला जेमतेम ०.०९ मायक्रोलिटर पाणी. सिरिंज पंपाची मोटर इतक्या कमी वेगाला गचके देत चालते आणि सुईच्या टोकावर थेंब धरतो-सुटतो. म्हणून ४००० पीपीएमची स्थिर वाफ तयार करा आणि पुढच्या सांध्यावर नऊ पट कोरडी हवा मिसळा. दोन्हीकडे मास-फ्लो कंट्रोलर (हवेचा प्रवाह ठरावीक ठेवणारं साधन) लावा. सांध्यानंतर निदान अर्धा मीटर नळी मिसळायला ठेवा आणि जास्तीची हवा बाहेर सोडायला एक तोंड उघडं ठेवा, नाहीतर ॲनलायझरच्या तोंडाशी दाब वाढतो.

बबलर (पाण्यातून हवेचे बुडबुडे सोडून वाफ देणारी बाटली) वापरत असाल तर ध्यानात ठेवा की बाहेर पडणारी वाफ बाटलीतल्या पाण्याची नसते. २०° ला ती ओ-१८ मध्ये ९.७ आणि ड्युटेरियममध्ये ७८‰ च्या आसपास खाली असते. तापमान एका अंशाच्या दशांशात धरा. पाणीही हळूहळू जड होत जातं, १ टक्का उडालं की ओ-१८ ०.१‰ वर.

इनलेटकडेही लक्ष द्या. बर्फावरची संपृक्तता १००० हेक्टोपास्कलला साधारण अशी: ०° ला ६१०० पीपीएम, −१०° ला २६००, −२०° ला १०३०, −३०° ला ३८०, −४०° ला १२८. तुमचे तासाचे आकडे या वक्रावर टाका. किंचित वर गेले तर घाबरू नका, अंटार्क्टिकाच्या स्वच्छ हवेत अतिसंपृक्तता खरी असते. पण वारा वाढला की आकडा दीडपट होतोय असं दिसलं तर इनलेटमध्ये उडता बर्फ शिरतोय आणि गरम नळीत त्याचं बाष्प होतंय. मग तुम्ही बाष्प नाही, बर्फ मोजताय, आणि डेल्टा बर्फाच्या आकड्याकडे चढतो. तोंड खाली वळवा, वर रुंद टोपी बसवा, आणि साधारण ७ मीटर प्रतिसेकंदाच्या वरचे तास वेगळे काढून ठेवा.

नळी भिंतीतून आत येते तिथे हात लावून बघा. हीटिंग टेप बहुतेक वेळा नेमकी भिंतीच्या भोकात तुटक असते. तिथे नळी बोटाला थंड लागली की समजा हिवाळ्यात आत दंव धरतंय, आणि ऊन पडलं की ते सुटून मागच्या दिवसांचं पाणी आजच्या हवेत मिसळतंय. ड्युटेरियम ओ-१८ पेक्षा जास्त रेंगाळतो, त्यामुळे असं मिसळणं डी-एक्सेसमध्ये खोटी लाट उठवतं.

---

ध्रुवबाष्प

भिंतीच्या भोकात टेप खरंच नाही, साधारण २० सेंटिमीटर नळी उघडी आहे. आजच गुंडाळतो. कृत्रिम हवा पुढच्या जहाजाने येईल. −१० पर्यंत कोसळण्याविषयी कुणी सांगेल का? त्या वेळी आर्द्रता ४०० वरून ४७० च्या आसपास जाते.

---

धूरकोन

ती ७० पीपीएमची वाढच उत्तर आहे. जनरेटरचा धूर.

डिझेल जळलं की पाणी तयार होतं. त्यातला हायड्रोजन इंधनातला, ऑक्सिजन हवेतला. हवेतल्या ऑक्सिजनचा ओ-१८ व्हीस्मॉच्या मापावर +२३.९‰ असतो. इंधनाचा डेल्टा-डी −१०० धरला तर धुरातल्या बाष्पाचा डी-एक्सेस −१०० − १९१ = −२९१. निसर्गातलं कुठलंही बाष्प याच्या आसपास येत नाही, म्हणून ही खूण इतकी पक्की आहे.

डी-एक्सेस सरळ मिसळतो, त्यामुळे हिशोब सोपा. तुमच्या ४७० पीपीएमपैकी ७० धुराचे म्हणजे १५ टक्के. ४० × ०.८५ − २९१ × ०.१५ = −१० च्या जवळ. तुमचा आकडा तंतोतंत बसतो.

हे कोसळलेले तास तुम्ही डोळ्यांनी काढाल. खरी अडचण आहे ती बारीक धुराची. फक्त १ टक्का धूर, म्हणजे ४०० मध्ये ४ पीपीएम, डी-एक्सेस ३ ने खाली आणतो, आणि ४ पीपीएमची वाढ आर्द्रतेच्या आलेखात कुणाला दिसणार नाही. म्हणून वाऱ्याच्या दिशेने गाळा. इनलेटवरून बघितल्यावर जनरेटर, स्वयंपाकघराची चिमणी, खोल्यांच्या हवेची तोंडं ज्या कोनात येतात तो पूर्ण कोन आणि दोन्ही बाजूंना २०-२० अंश वगळा. वारा २ मीटर प्रतिसेकंदाच्या खाली असेल तर दिशेवर विसंबू नका, तो वेळही बाजूला ठेवा. स्थानकावर कार्बन डायऑक्साइड मोजला जात असेल तर त्याची एक-एक मिनिटाची नोंद मिळवा, धुराची याहून चांगली साक्ष नाही. वाहन इनलेटखालून गेल्याची वेळही वहीत लिहायला सांगा.

---

रॅलेरेषा

एक स्वतंत्र पडताळा सुचवतो, म्हणजे आर्द्रतेच्या वक्रावर तुमचा सगळा भार राहणार नाही. बाष्प थंड सापळ्यात धरा आणि द्रव पाणी म्हणून मोजा. द्रवाच्या मोजणीत ॲनलायझर २०,००० पीपीएमच्या आसपास चालतो, तिथे हा वक्राचा प्रश्नच येत नाही. ४५० पीपीएमची हवा मिनिटाला ८ लिटरने १२ तास ओढली तर जवळपास २ ग्रॅम पाणी जमतं, वारंवार मोजायला भरपूर.

सापळा मात्र −१००° पर्यंत न्या. इथेनॉलचं कुंड आणि विसर्जन-कूलर हवा. −७०° वर थांबलात तर अर्ध्या टक्क्याहून थोडं अधिक बाष्प निसटतं, आणि निसटतं ते सर्वांत हलकं. आदर्श रॅले प्रक्रिया (बाष्प थोडंथोडं गोठून लगेच बाजूला होत जाणं) धरली तर धरलेल्या पाण्याचा ओ-१८ पाऊण ते एक पर मिलने जास्त येतो. काढताना सापळ्याची दोन्ही तोंडं बंद करून पूर्ण वितळू द्या, हलवा, मगच उघडा. अर्धवट वितळलेल्यातून ओतलं तर इतका वेळ केलेलं सगळं वाया. असे हिवाळ्यातले पाच-सहा दिवस पुरेत. त्या तासांची ॲनलायझरची दुरुस्त सरासरी सापळ्याशी ताडून बघा.

---

हिमपेटी

बाष्पासोबत ताज्या बर्फाचे नमुने आहेत का? रॅलेरेषांनी केलेलं गणित तुमच्या जागेचा खरा बर्फ घालून करायचं असेल तर ते लागतील. घेतले नसतील तर आतापासून घ्या.

जमिनीवरून खरवडू नका. पडून राहिलेला बर्फ दोन हिमवर्षावांच्या मधल्या दिवसांत वरच्या बाष्पाशी देवाणघेवाण करत राहतो आणि त्याचा आकडा बदलतो. जमिनीपासून १ मीटरवर सपाट फळी ठेवा, रोज एकाच वेळी साफ करा. गोळा करण्याआधी कणांचा जवळून फोटो घ्या, खाली मिलिमीटरची पट्टी ठेवून. सहा पाकळ्यांचे तुकडे म्हणजे ढगातला बर्फ, निरभ्र आकाशातून पडणाऱ्या बारीक चकचकीत सुया-पत्र्या म्हणजे डायमंड डस्ट, आणि फळीच्या कडेला पिसासारखं उभं वाढलेलं असेल तर ते तिथेच धरलेलं दंव. तिन्हींचे डेल्टा वेगळे. एका बाटलीत घातलेत तर त्या आकड्याचं काय करायचं ते कुणालाच सांगता येणार नाही. गोल घासलेले, तुटके कण म्हणजे वाऱ्याने आणलेला जुना बर्फ, तो टाकून द्या.

बर्फ जाड पिशवीत भरा, हवा दाबून काढा, बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला वितळवा. मग एचडीपीईच्या (घट्ट प्लास्टिकच्या) अरुंद तोंडाच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा. गोठवून ठेवणार असाल तरच वर थोडी जागा, पाणी फुगतं म्हणून. झाकणावरून पॅराफिल्म (ताणून बसणारी मेणचट पट्टी). १ टक्का पाणी उडालं तरी ओ-१८ ०.१ ते ०.२‰ ने चढतो आणि डी-एक्सेस अर्ध्या पर मिलहून जास्त उतरतो. डान्सगार्ड यांनी १९५२ साली कोपनहेगनमध्ये बिअरच्या बाटलीला नरसाळं लावून पाऊस धरला होता. बाटली साधी चालते, झाकण हवाबंद हवं. नमुने केपटाऊनमार्गे गोव्यापर्यंत येताना विषुववृत्त ओलांडतात, त्यामुळे −२०° चा कंटेनर आणि त्यात तापमानाची नोंद ठेवणारा लॉगर दोन्ही मागून घ्या.

प्रयोगशाळेत नमुने डेल्टाच्या चढत्या क्रमाने लावा. समुद्राच्या पाण्यानंतर लगेच पठाराचा बर्फ आला तर ड्युटेरियममध्ये ४०० ची उडी होते. मागच्याचा २ टक्के अंश उरला तरी ८‰ ची चूक. अशा जागी नेहमीची ६ इंजेक्शनं पुरत नाहीत, १० ते १२ करा आणि शेवटची तीनच घ्या. ओ-१८ मध्ये ०.१ आणि ड्युटेरियममध्ये ०.५ इतकी अचूकता साधली तरी डी-एक्सेसची अनिश्चितता ०.९ येते, कारण ओ-१८ ची चूक आठपट होते. बर्फाच्या डी-एक्सेसमधल्या अर्ध्या पर मिलच्या चढ-उताराला अर्थ लावू नका.